शिडाच्या तळची काठी : मराठी गलबताची प्रतिकृती आणि दर्यावर्दी इतिहासाचा पुरावा

प्रस्तावना :

सोलापूर शहर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेले आहे. तरीही भारताच्या आधुनिक जहाजव्यवसायाचे एक मूळ याच शहरात आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला जाण्यासाठी निघाली. हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. विशाखापट्टणम येथील गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली आणि तेथे बांधलेले 'जलउषा' हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरले. वाफेवर चालणाऱ्या जहाजांचा हा इतिहास कागदोपत्री चांगला नोंदला गेला आहे. त्याआधी शेकडो वर्षे केवळ वाऱ्याच्या बळावर पश्चिम किनाऱ्याची ने-आण करणाऱ्या गलबतांच्या वाट्याला मात्र असे भाग्य आले नाही. त्यांची नावे बखरींत आहेत, लढाया पत्रांत आहेत. शीड कोणत्या काठीवर चढे, कोणत्या दोराने आवळले जाई आणि वारा फिरला म्हणजे कसे वळवले जाई, हे ज्ञान खलाशांच्या हातांतच राहिले.

ही उणीव प्रतिकृतींत उघडी पडते. दिवाळीत मुले किल्ले करतात तेव्हा सिंधुदुर्गाभोवती कागदी जहाजे मांडतात. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आरमाराचे देखावे असतात, महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत लाकडी गलबते ठेवली जातात. अशी प्रतिकृती घडवणाऱ्याला इतिहासकार टाळू शकेल असे प्रश्न टाळता येत नाहीत. लेखक 'शीड उभारले' एवढे लिहून पुढे जाऊ शकतो. प्रतिकृतिकाराला ते शीड वर कोठे आणि खाली कोठे बांधावयाचे हे ठरवावेच लागते. प्रस्तुत लेखात या प्रश्नांपैकी एकच प्रश्न निवडला आहे. शिडाच्या खालच्या कडेला आडवी काठी असावी की नसावी, हा तो प्रश्न होय. ही काठी कशी घडते, ती काय काम करते, जगाच्या इतिहासात ती कोठे आढळते आणि मराठी गलबतावर तिचे स्थान काय, याचा वेध घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

संज्ञा आणि कार्य :

शिडाच्या तळाशी असणाऱ्या या काठीला इंग्रजी नौकानयनात 'बूम' म्हणतात. मूळ शब्द डच भाषेतील असून तेथे त्याचा अर्थ झाड अथवा तुळई असा आहे. इराणच्या आखातात, विशेषतः कुवेतमध्ये, 'बूम' या नावाचा जहाजाचा एक प्रकारही प्रसिद्ध आहे. त्या जहाजाच्या शिडाला तळाशी काठी नसते. त्यामुळे नावाच्या सारखेपणावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. तो टाळण्यासाठी या लेखात काठीसाठी 'तळकाठी' असा शब्द योजला आहे. शिडाच्या मोकळ्या खालच्या कोपऱ्याला बांधलेल्या आणि शीड आवळण्याच्या वा सैल सोडण्याच्या दोराला 'ताणदोर' म्हटले आहे.

तळकाठी एका साध्या अडचणीतून जन्माला येते. शीड वरच्या बाजूने काठीला बांधलेले असते, पण त्याचा खालचा मागचा कोपरा मोकळा असतो. वारा बाजूने येत असता ताणदोर आवळून धरला की शीड नीट आकारात राहते. वारा मागून येऊ लागला की ताणदोर सैल सोडावा लागतो, आणि तो सोडला की मोकळा कोपरा वर उचलला जातो. शिडाचे पोट वाजवीपेक्षा फुगते, वरचा भाग पिळवटतो आणि वाऱ्याचा काही जोर वाया जातो. तळाशी काठी असली तर शिडाची खालची कड नेहमी ताणलेली राहते आणि एकाच दोराने संपूर्ण शीड आत-बाहेर फिरवता येते. थोडक्या माणसांत होडी चालवायची असेल तर हा मोठाच लाभ ठरतो.

या लाभाची किंमतही द्यावी लागते. तळकाठीमुळे वजन वाढते. वारा अवचित दुसऱ्या बाजूने आला की ती वेगाने नावेच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे झेपावते आणि वाटेत सापडलेल्या माणसाचे डोके फोडू शकते. शिवाय तळकाठी डोलकाठीला मागच्या बाजूने जोडलेली असल्यामुळे शीड डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे नेता येत नाही. कोकणातील गलबतांच्या संदर्भात हा शेवटचा मुद्दा निर्णायक आहे.

प्रतिकृतीसाठी तळकाठी घडविण्याची रीत :

शिडावर चालणाऱ्या लहान नौकेची तळकाठी घडविणे हे दिसावयास सोपे, परंतु काटेकोर काम आहे. काठीची लांबी शिडाच्या खालच्या कडेपेक्षा किंचित अधिक ठेवतात. कड ३० सेंटिमीटरची असेल तर ३२ सेंटिमीटरची काठी पुरते. लाकूड सरळ रेषांचे आणि बिनगाठीचे हवे. सागवान टिकाऊ खरे, पण या कामाला जड पडते. पाइन अथवा देवदार हलके असते, आणि चिरलेला, तासलेला जुना बांबूही चांगला चालतो. अलीकडे ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बन तंतूंच्या पोकळ नळ्या वापरल्या जातात. लाकडी काठी आधी चौकोनी, मग अष्टकोनी आणि शेवटी गोल तासतात. मधल्या भागापेक्षा दोन्ही टोके थोडी निमुळती ठेवतात. पॉलिश कागदाने घासून वार्निशाचे दोन-तीन हात दिले की पाणी लाकडात शिरत नाही.

खरे कौशल्य पुढच्या जोडणीत आहे. तळकाठीचे पुढचे टोक डोलकाठीला अशा सांध्याने जोडावे लागते की ते दोन्ही बाजूंना आणि थोडे वर-खालीही फिरेल. पितळी तारेची कडी आणि खीळ यांनी असा सांधा तयार होतो. मागच्या टोकाला शिडाचा कोपरा एका बारीक दोराने ओढून धरतात. हा दोर आवळला की शीड सपाट होते, सोडला की त्याला पोट येते. मध्यम वाऱ्यात या पोटाची खोली शिडाच्या कडेच्या साधारण दहाव्या भागाइतकी ठेवण्याचा प्रघात आहे. डोलकाठीच्या पायथ्यापासून तळकाठीपर्यंत आणखी एक तिरपा दोर बांधतात. वारा मागून असता तळकाठी वर उचलली जाऊ नये, हे त्याचे काम.

ताणदोर काठीला कोठे बांधावा हा तरफेच्या नियमाचा प्रश्न आहे. तो डोलकाठीजवळ बांधला तर थोड्या दोरात काठी पुष्कळ फिरते, पण ओढीला जोर अधिक लागतो. मागच्या टोकाकडे बांधला तर जोर कमी लागतो आणि दोर मात्र अधिक ओढावा लागतो. सारे दोर बांधून झाल्यावर काठी दोन्ही बाजूंना जवळजवळ काटकोनापर्यंत विनाअडथळा फिरते की नाही हे पाहतात. येथे ती अडखळली तर पाण्यावर नौका हमखास फसते.

प्रतिकृतीत तळकाठीला इतके महत्त्व का, याचे उत्तर खलाशांच्या अभावात आहे. लहान नौकेवर दोर ओढावयास कोणी नसते. दूरनियंत्रण येण्यापूर्वी तर तळकाठीच सुकाणूही सांभाळत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रेन यांनी प्रचारात आणलेल्या यंत्रणेत तळकाठीचा ताणदोर सुकाणूला जोडलेला असे. वाऱ्याचा जोर वाढला की तळकाठी दोर अधिक ओढी, सुकाणू त्या प्रमाणात वळे आणि नौका आपली दिशा आपणच सावरी. १९३० च्या दशकात हे काम वाऱ्याने फिरणाऱ्या पात्याकडे गेले आणि पुढे ते रेडिओच्या हाती आले. एक मीटर लांबीच्या नौकांचा आंतरराष्ट्रीय वर्ग १९८८ मध्ये सुरू झाला. त्यातील स्पर्धांत शिडांना तळकाठ्या असतात आणि एका लहानशा मोटारीने त्या आत-बाहेर ओढल्या जातात. थोडक्यात, तळकाठी ही माणसांच्या हातांच्या जागी आलेली वस्तू आहे.

जगाच्या इतिहासातील तळकाठी :

हे सूत्र ध्यानात ठेवून मागे पाहिले तर तळकाठी ही आधुनिक युरोपची देणगी आहे, हा सर्वसाधारण समज टिकत नाही. इजिप्तमध्ये देर अल-बहरी येथे हातशेप्सुत राणीच्या पुंत देशाकडे गेलेल्या जहाजांची शिल्पे आहेत. इ. स. पूर्व पंधराव्या शतकातील या जहाजांच्या चौकोनी शिडांना वर आणि खाली अशा दोन्ही काठ्या स्पष्ट दिसतात. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी कोरलेल्या, तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू येथील सागरी युद्धाच्या शिल्पांत मात्र खालची काठी नाहीशी झाली आहे. शीड आता दोरांनी वरच्या काठीकडे ओढून गोळा करता येते. युद्धाच्या धांदलीत शीड पटकन आवरावे लागते आणि तेथे तळकाठी अडचणीची ठरते. म्हणजे इजिप्तमध्ये सुधारणेची दिशा तळकाठी टाकून देण्याकडे होती.

जावातील बोरोबुदूर येथील आठव्या-नवव्या शतकांतील शिल्पांत पुन्हा तळकाठी भेटते. तेथील जहाजांची लांबट, तिरकी शिडे वरच्या आणि खालच्या अशा दोन काठ्यांमध्ये ताणलेली आहेत. याच हिंदी महासागराच्या पश्चिम भागात, अरबस्तानापासून मलबारपर्यंत, पुढे जे तिरके शीड रूढ झाले त्याला तळकाठी नव्हती. एकाच महासागराच्या दोन बाजूंना दोन भिन्न रचना शतकानुशतके नांदल्या. म्हणून तळकाठी असणे हे प्रगतीचे आणि नसणे हे मागासलेपणाचे लक्षण मानता येत नाही. प्रत्येक रचना तेथील वाऱ्याला, मालाला आणि मनुष्यबळाला दिलेले उत्तर आहे.

कोकण किनाऱ्यावरील शीड :

महाराष्ट्रातील जहाजांची जुनी चित्रे आणि शिल्पे या बाबतीत जपून वाचावी लागतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील चित्रात तीन डोलकाठ्यांचे आणि उंच चौकोनी शिडांचे जहाज आहे. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये कोरली आहेत. त्यांत डोलकाठ्या आणि वल्ह्यांच्या रांगा दिसतात. अजिंठ्याचे चित्र आणि नंतरच्या काळातील गलबत यांच्यामध्ये शिडाची सारी रचनाच पालटली. आडव्या काठीवरील चौकोनी शीड जाऊन लांब तिरक्या काठीवरील त्रिकोणी अथवा पुढची कड थोडी कापलेले शीड आले.

या तिरक्या शिडाची वरची काठी डोलकाठीपेक्षाही लांब असे आणि डोलकाठी पुढच्या बाजूस झुकलेली असे. जहाजाची दिशा बदलताना ताणदोर सोडून शीड पुढे वाऱ्यावर फडफडू देत. मग जड काठी जवळजवळ उभी करून, शिडाचा मोकळा कोपरा डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडच्या बाजूला नेत आणि ताणदोर तेथे आवळून बांधत. तांडेलाच्या हुकमावर अनेक खलाशांनी एकाच लयीत करावयाचे हे काम होते. शिडाच्या तळाला काठी बांधलेली असती तर ते शीड डोलकाठीच्या पुढून गेलेच नसते. पुढे झुकलेली डोलकाठी, लांब वरची काठी, मोकळा तळ आणि भरपूर माणसे हे चारही घटक एकमेकांवर अवलंबून आहेत. त्यांपैकी एक बदलला की बाकीचे तीन बिघडतात.

लिखित साधने या चित्राला पुष्टी देतात. सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या आरमारातील गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे अशा जहाजांच्या जाती येतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त (इ. स. १७१५-१६) आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या वा फार लहान न करता मध्यम प्रमाणात बांधाव्यात आणि वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील अशी अवजड जहाजे करू नयेत, असा त्यातील विचार आहे. आरमारासाठी लागणाऱ्या लाकडांच्या उल्लेखात डोलाच्या काठ्यांचाही निर्देश आहे. सागवानासारखी झाडे परवानगीने तोडावीत आणि रयतेच्या आंब्या-फणसांना मात्र हात लावू नये, ही आज्ञा याच संदर्भातील आहे. डोलासाठी लागणारे लांब, सरळ लाकूड दुर्मीळ होते, हे त्यावरून समजते.

इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात केलेले वर्णन अधिक तपशीलवार आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार मोठ्यातले मोठे गलबतही क्वचितच ७० टनांपेक्षा अधिक भाराचे असे. त्याला दोन डोलकाठ्या असत व मागची लहान असे. मुख्य डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड असे आणि ते चढवल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. गलबतावर ४० ते ५० वल्ही असत. डोलकाठीच्या वर जाणारे टोक म्हणजेच लांब तिरकी काठी होय. वल्ह्यांची संख्या तर याहून महत्त्वाची आहे. ज्या जहाजावर वल्ही मारावयास चाळीस-पन्नास माणसे आहेत, तेथे ताणदोर धरावयास हातांची वाण नव्हती. हातांच्या जागी लाकूड आणण्याची निकडच आंग्र्यांच्या गलबतावर निर्माण झाली नाही.

युरोपीय संपर्क आणि कालनिश्चिती :

मराठी आरमाराचा युरोपीय जहाजबांधणीशी आरंभापासून संबंध होता. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडी परिसरात शिवाजी महाराजांच्या जहाजांच्या कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा हे पोर्तुगीज कारागीर होते. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका पकडली. अशा संपर्कामुळे मराठी जहाजांवरही तळकाठी आली असेल, असे अनुमान प्रतिकृतिकार सहज करतो. ते पडताळून पाहण्यासाठी त्या काळातील युरोपीय जहाजांवर तळकाठी कोठे होती हे आधी पाहिले पाहिजे.

सतराव्या शतकात तळकाठी मुख्यतः डच आणि इंग्रज लहान नौकांवर होती. तेथेही कारण थोडी माणसे हेच होते. मोठ्या युरोपीय जहाजांच्या पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडे असत आणि त्यांना तळकाठी नसे. सर्वांत मागच्या डोलकाठीवर तर अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिरक्या काठीवरील त्रिकोणी शीडच होते. म्हणजे त्या बाबतीत ही मोठी जहाजे आणि गलबत एकमेकांच्या जवळ होती. मागच्या डोलकाठीवर तळकाठी असलेले शीड मोठ्या जहाजांवर रूढ झाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले आणि विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये पडला. म्हणून कान्होजींच्या काळातील गुराबेच्या मागच्या शिडाला तळकाठी लावणे हा किमान अर्धशतकाचा कालविपर्यास ठरतो. एका लहानशा काठीवरून प्रतिकृतीचा काळ असा तपासता येतो.

इंग्रजी राजवटीत मुंबई बंदरात दोन्ही परंपरा शेजारी-शेजारी दिसू लागल्या. मुंबईच्या यॉट क्लबची स्थापना १८४६ ची आहे. त्याच्या सभासदांच्या शर्यतीच्या नौका तळकाठीच्या होत्या. त्याच पाण्यात तळकाठीवाचून चालणारी पत्तेमारी कोकणातून आणि मलबारातून माल आणीत होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मचव्यांवर इंजिने बसली आणि शिडे उतरली. आज महाराष्ट्रातील तरुण ज्या नौकांवर शीड हाताळावयास शिकतात, खडकवासल्याच्या जलाशयात प्रबोधिनीचे छात्र ज्यांवर सराव करतात, त्या तळकाठीच्या आहेत. शीड म्हटले की तळकाठी ही सवय तेथूनच लागते आणि नकळत शिवकालीन गलबताच्या प्रतिकृतीवरही उतरते.

प्रतिकृतिकाराचा पेच :

येथे एक खरा पेच उभा राहतो. प्रतिकृती पाण्यावर चालावी अशी इच्छा असेल तर खलाशी नसल्यामुळे तळकाठी हवी. प्रतिकृतीने इतिहासाची साक्ष द्यावी अशी इच्छा असेल तर तळकाठी नको.

पेच केवळ काठीपुरता नाही, तो भौतिकशास्त्राच्या नियमातही आहे. १८ मीटर लांबीच्या गलबताची १ : २० प्रमाणातील प्रतिकृती ९० सेंटिमीटरची होईल. तिच्या शिडाचे क्षेत्रफळ ४०० पटींनी आणि वजन ८००० पटींनी घटेल. त्याच वाऱ्यात नौका कलंडविणारा जोर ८००० पटींनी कमी होईल, पण तिला सावरणारा जोर १,६०,००० पटींनी कमी होईल. म्हणजे मोजमापात तंतोतंत असलेली प्रतिकृती मूळ गलबतापेक्षा वीसपट सहज कलंडेल. म्हणूनच चालत्या प्रतिकृतींना तळाशी खोल पाते आणि शिसे जोडतात. ते जोडले की नौकेचा घाट बदलतो.

या पेचातून मार्ग एकच. दोन हेतू वेगळे ठेवावेत आणि ते प्रतिकृतीजवळ स्पष्ट लिहावेत. चालणारी प्रतिकृती विज्ञानाचे पाठ देते. तीत तळकाठी, शिसे आणि मोटार यांना पूर्ण मुभा आहे. साक्ष देणाऱ्या प्रतिकृतीत मात्र प्रत्येक दोरामागे एखादे चित्र, कागद किंवा जुन्या खलाशाची नोंदवलेली माहिती असली पाहिजे.

प्रतिकृती : इतिहासाचे साधन :

प्रतिकृतीला साधनाचा दर्जा देण्याची परंपरा जुनी आहे. फ्रेंच नौदलातील अधिकारी फ्रांस्वा-एदमों पारी (१८०६-१८९३) यांनी आपल्या सफरींत युरोपबाहेरील नौकांची मोजमापे आणि रेखाटने केली. त्यांचा ग्रंथ १८४१ ते १८४३ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय नौकाही आहेत. पुढे १८७१ पासून पॅरिसमधील नौदल संग्रहालयाचे प्रमुख असताना त्यांनी आपल्या रेखाटनांवरून प्रतिकृती करवून घेतल्या. महाराष्ट्राच्या बाबतीत भा. कृ. आपटे यांचा मराठी आरमार आणि व्यापारी जहाजांवरील इंग्रजी ग्रंथ १९७३ मध्ये आला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने मुंबईत १९७८ मध्ये मेरिटाइम हिस्टरी सोसायटी स्थापन झाली.

प्रतिकृतीपासून प्रत्यक्ष जहाजापर्यंतचा प्रवासही अलीकडे घडला आहे. बोरोबुदूरच्या शिल्पांवरून २००३ मध्ये बांधलेले 'समुद्र रक्षा' हे जहाज इंडोनेशियातील कारागिरांनी मुख्यतः हलक्या लाकडाच्या एका प्रतिकृतीकडे पाहून उभे केले. २००४ मध्ये ते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आक्रा येथे पोचले. भारतीय नौदलाची 'कौंडिण्य' ही शिवलेल्या फळ्यांची नौका अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधली गेली. मूळ आराखडा उपलब्ध नसल्यामुळे आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साह्याने तिच्या प्रतिकृतीच्या जलचाचण्या घेतल्या गेल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचली. अजिंठ्याच्या जहाजाला मिळालेला हा न्याय कोकणच्या गलबतालाही मिळाला पाहिजे. ते काम अजिंठ्यापेक्षा सुकर आहे. त्याला तातडी मात्र अधिक आहे. अजिंठ्याचे चित्र भिंतीवर टिकून आहे. शिडावर चाललेल्या मचव्यांवर उमेदवारी केलेले खलाशी आता वयोवृद्ध आहेत.

सोलापूरच्या संदर्भात :

समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांना या कामात भाग नाही असे समजण्याचे कारण नाही. जहाजाचे अर्धे बळ कापडात असते. खलाशांच्या आणि कामगारांच्या जाड्याभरड्या कपड्यांना जगभर रूढ झालेले 'डंगरी' हे नाव मुंबईच्या डोंगरी भागावरून आले. ते जाडे सुती कापड शिडांसाठीही वापरले जाई. हातमाग, यंत्रमाग आणि गिरण्या यांवर वाढलेल्या सोलापुरात कापडाची वीण, ताण आणि ओलाव्याने होणारा बदल जाणणारी माणसे आहेत. नवी पेठेतील कापडबाजारात मिळणाऱ्या दाट विणीच्या सुती कापडाचे शीड आणि आजच्या कृत्रिम धाग्याचे शीड एकाच वाऱ्यात कसे वागते, ही तुलना एखाद्या प्रकल्पाचा उत्तम विषय ठरेल. तरफेचा नियम आणि प्रमाणाचे गणित भौतिकशास्त्राचा विभाग तपासू शकेल, संज्ञांचा संग्रह मराठी विभाग करू शकेल, साधनांची छाननी इतिहास विभागाकडे राहील. चाचणीसाठी शांत पाणी हवे, आणि भीमेवरील उजनीचा जलाशय याच जिल्ह्यात आहे.

निष्कर्ष :

१. तळकाठी ही नौकानयनाच्या प्रगतीची पायरी नसून मनुष्यबळाच्या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आहे. इजिप्तने ती टाकून दिली, जावाने ती ठेवली, युरोपातील लहान नौकांनी ती स्वीकारली.

२. कोकणातील तिरक्या शिडाच्या रचनेत तळकाठीला जागा नव्हती. दिशा बदलताना शीड डोलकाठीच्या पुढून फिरविण्याची पद्धत आणि गलबतावरील भरपूर माणसे ही त्याची कारणे होत.

३. आंग्रेकालीन गुराब वा गलबताच्या प्रतिकृतीवर दाखविलेली तळकाठी हा कालविपर्यास आहे. प्रतिकृतीची विश्वसनीयता तपासण्याची ती सोपी कसोटी ठरते.

४. चालणारी आणि साक्ष देणारी अशा दोन प्रकारच्या प्रतिकृतींत भेद करून त्यांचा हेतू व आधार नोंदविण्याची शिस्त महाविद्यालयीन प्रदर्शनांनी पाळावी.

आरमाराचा गौरव करणारे लेखन मराठीत विपुल आहे. त्या आरमाराचे एक शीड एका दोराने कसे आवळले जाई, हे सांगू शकणारी माणसे हयात आहेत तोवरच ते नोंदवून, मोजून आणि लाकडात उतरवून ठेवणे शक्य आहे. गौरवाला आधार देणारे हे काम अभ्यासकांनी आता हाती घ्यावयास हवे.